नक्षी नवी, पण कड कापलेली

प्रश्न : काका, मी धायरीला राहते आणि भोसरी एमआयडीसीत नोकरी करते. बाबांची पल्सर १५० आता मीच चालवते. मागच्या आठवड्यात नवले पुलाजवळच्या सर्व्हिस रोडवर पावसात खड्डा चुकवायला गेले आणि मागचं चाक चेंबरच्या उचकटलेल्या लोखंडी कडेला घासलं. टायरला बाजूने इंचभर चीर पडली आहे, पण हवा अजिबात कमी होत नाही. टायर दीड वर्षापूर्वीच टाकलाय, नक्षी भरपूर आहे. पंक्चरवाले म्हणतात, आत ट्यूब टाकून देतो, बिनधास्त चालवा. सर्व्हिस सेंटरमध्ये म्हणाले, दोन्ही टायर बदला. बाबा म्हणतात, एवढा नवा टायर फेकायला पैसे वर आलेत का? येत्या रविवारी आईला मागे बसवून वाईला मामाकडे जायचंय. फोटो सोबत जोडलाय. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, धायरी

उत्तर : काका म्हणालीस, म्हणून एकेरीच लिहितो. मागचा टायर बदल, पुढचा राहू दे. आणि हे काम शनिवारवर ढकलू नकोस, त्याचं कारण पुढे येईल.

फोटो मोठा करून पाहिला. चीर रिमपासून दोन बोटं वर आहे, म्हणजे साईडवॉलच्या, टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, ऐन मध्यावर. चिरेच्या आत एक पांढुरकी रेघ दिसते. तुला ती माती वाटली असेल. जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घे, चीर घासून काढ, अंगठ्याने बाजू दाबून ती जरा उघड आणि मोबाईलचा टॉर्च मार. स्क्रूड्रायव्हर घालून उकरत बसू नकोस, आहे ते आणखी फाटेल. धुतल्यावरही पांढरं तसंच राहिलं आणि धागे दिसले, तर तो आतला नायलॉनचा दोरा. मला तो फोटोतच दिसतोय. चिरेच्या तळाशी नुसतं काळं रबर असतं, तर मी म्हणालो असतो की खडूने खूण कर आणि रोज सकाळी एक नजर टाकत जा. दोरा दिसला की विषय संपला.

हवा का जात नाही, तेही सांगतो, कारण घरात वाद त्यावरूनच चालला असणार. ट्यूबलेस टायरच्या अगदी आतल्या अंगाला वेगळ्या रबराचा पातळ थर असतो. हवा धरून ठेवायचं काम त्याचं. तो तुझ्या टायरमध्ये अजून शाबूत आहे. पण हवेचा दाब, गाडीचं वजन, तुझं आणि आईचं वजन, खड्ड्यातला दणका, हे सगळं पेलतो तो दोरा. बाहेरचं रबर त्याला पाण्या-मातीपासून झाकतं, एवढंच. बाजेची नवार तुटल्यावर वरची चादर कोरी करकरीत आहे म्हणून त्या बाजेवर कोणी झोपत नाही.

शिवाय साईडवॉल एका जागी स्वस्थ बसत नाही. चाकाचा जो भाग रस्त्याला टेकतो, तिथे ती दबते, वर गेली की पुन्हा ताठ होते. तुझ्या मागच्या टायरवर १००/९०-१७ असं माप असेल. त्याचा घेर दोन मीटरला जरा कमी भरतो, म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे. वाई पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटर धर. एका बाजूच्या प्रवासात ती चीर चाळीस हजारांहून जास्त वेळा उघडमीट करणार. त्यात शिरलेली बारीक वाळू दर वेळी दोऱ्यावर घासणार. मग एक दिवस त्या जागी टेंगूळ येतं आणि त्यानंतर टायर कुठे फुटेल याचा नेम नाही. जाताना खंबाटकीचा घाट चढून उतरायचाय, मागे आई, बाजूला ट्रक. तिथे मागचा टायर एकदम बसला की गाडी शेपूट हलवते, आणि ती सावरायला रस्त्यावर जागा लागते. घाटात ती नसते.

आता बाबांविषयी. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांचा हिशोब नक्षीचा आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात. त्याच्या सरळ रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. दुचाकीसाठी नियमाने किमान ०.८ मिलिमीटर खोली हवी. तुझी त्याच्या कितीतरी वर असेल. पण नक्षीचं खातं वेगळं, दोऱ्याचं वेगळं. एकातली शिल्लक दुसऱ्यात वळती होत नाही. बाबांना हेच वाक्य वाचून दाखव. ते बँकेत असतील तर लगेच पटेल.

पंक्चरवाल्याचा ट्यूबचा सल्ला मात्र मला मुळीच मान्य नाही. ट्यूब हवा धरेल, तुटलेला दोरा जोडणार नाही. उलट दाबाने ट्यूबच त्या चिरेत घुसते, चिमटते, आणि फुटते तेव्हा क्षणात सगळी हवा सोडून देते. आतून जुन्या टायरचा तुकडा चिकटवून देणारेही भेटतील. हे उद्योग हातगाडीच्या चाकाला ठीक आहेत. तोही माणूस वाईट नाही, त्याच्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं ‘पगारापर्यंत चालव’ म्हणणारीच असतात. पण तुला भोसरीपर्यंत हायवेने जायचंय.

सर्व्हिस सेंटरने दोन्ही का सुचवले, हे त्यांनाच ठाऊक. पुढचा टायर वेगळ्या मापाचा, त्याची झीज वेगळी. नक्षी, कडा आणि बनावटीची तारीख बघ. तिन्ही ठीक असतील तर त्याला हात लावायचं कारण नाही.

खरेदीला नाना पेठेत जा. एकाच रस्त्यावर चार ठिकाणी भाव विचारता येतो. या मापाचा टायर ब्रँडप्रमाणे दोन-अडीच हजारांच्या मागेपुढे मिळावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्कं बिल माग आणि त्यावर किती टक्के लावलेत तेही बघ. टायर हातात घेतल्यावर आधी लंबगोलातला चार आकडी नंबर वाच. १८२५ असेल तर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यातला माल. वर्षाच्या आतला असेल तर बिनघोर घे. दोन-अडीच वर्षं दुकानात पडलेला, उन्हात टांगलेला टायर ‘शंभर रुपये कमी’ म्हणून गळ्यात मारतात, तो घेऊ नकोस. आयएसआय शिक्का हवा. ५५पी असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यातला ५५ म्हणजे २१८ किलो भार, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर वेग. जुन्यावर आहे त्याहून कमीचा आकडा नको.

बसवताना तिथेच उभी राहा, चहाला जाऊ नकोस. टायरवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला हवा. व्हॉल्व्ह नवा टाकून घे, किरकोळ खर्च आहे. हवा भरल्यावर रिमच्या कडेने टायरवर एक बारीक रेघ गोल फिरलेली दिसते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, नाहीतर टायर नीट बसलेला नाही. आणि निघण्यापूर्वी चेन आणि मागचा ब्रेक तपास. मागचं चाक काढून घातलं की हे दोन्ही हलतात, आणि चाक सरळ बसावं म्हणून दोन्ही बाजूंना खुणा असतात, घाईत मेकॅनिक एका बाजूची जुळवतो, दुसरी राहते.

आता शनिवार का नको ते. नव्या टायरच्या पृष्ठभागावर गुळगुळीत चकाकी असते. पहिले शे-दीडशे किलोमीटर तो ओल्या रस्त्यावर आणि वळणावर नीट धरत नाही. तुझं रोजचं जाणंयेणं पन्नासेक किलोमीटरचं. बुधवारी बसवलास, तर रविवारपर्यंत ती चकाकी भोसरीच्या वाटेवरच निघून जाईल.

जुना टायर दुकानदार ‘इथेच राहू द्या ताई’ म्हणेल. राहू दे, पण तुझ्यासमोर त्याची कड कापायला लाव. नक्षी चांगली दिसते म्हणून असले टायर काळा रंग मारून पुन्हा कोणाच्या तरी गाडीला चढतात.

प्रश्न : माझ्या गाडीच्या मागच्या टायरमध्ये, नक्षीच्या मधोमध खिळा आहे. हवा जात नाही. खिळा काढू का तसाच ठेवू?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : घरी काढू नका. आहे त्या जागी खिळ्यानेच भोक बुजवलंय. हवा तपासून सावकाश जवळच्या दुकानात न्या आणि तिथे काढा. मधल्या नक्षीत, सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर दुरुस्त होतं. बाहेरून स्ट्रिप मारणं, म्हणजे भोकात चिकट रबरी दोरी ठोसणं, दहा मिनिटांचं काम आहे, पण शक्य असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात दांडा आणि आतून टोपी बसणारं ठिगळ) लावून घ्या. त्यानिमित्ताने आतला भाग डोळ्यांनी बघता येतो. हवा कमी असताना गाडी बरीच चालवली असेल, तर आत काळी भुकटी सापडते. ती म्हणजे आतून झिजलेलं रबर, ती सापडली की पॅच लावण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. मोटारसायकल महिन्यातून दोनदा मंडईपर्यंत जाते. टायर २०१६ चे, नक्षी जशीच्या तशी, फक्त कडेला बारीक तडे आहेत. चालतील ना?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सर, नाही. रबर न चालवताही म्हातारं होतं, आणि उभ्या गाडीचं जरा लवकरच. तडे नखात अडकण्याइतके असतील तर दोन्ही बदला. मंडईला पायी जाणं परवडत असेल, तर गाडीच विकून टाका. पण घेणाऱ्याला टायरचं साल आधी सांगा.