आर्टिकलशिपला टॅब पुरेल का?

प्रश्न : मुलगी सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाली. पुढच्या महिन्यापासून पुण्यात आर्टिकलशिप, म्हणजे सीए फर्ममधलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण. ती म्हणते, लॅपटॉप नको, कीबोर्डवाला टॅब घ्या. बसमध्ये ओझं नको आणि पेनाने नोट्सही काढता येतात. घ्यावा का? – एक पालक, सांगली

उत्तर : लेकीचं मनापासून अभिनंदन! तिची अडचण खरी आहे, पण आत्ता टॅब घेऊ नका.

ऑफिसात पहिल्या दिवसापासून तिच्यासमोर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल, आणि ते विंडोजसाठी बनलेलं आहे. टॅबवरून दुसऱ्या संगणकाला जोडून ते वापरता येतं, पण दिवसभर व्हाउचर तपासायचे असतील तर तो मार्ग त्रासाचा. एक्सेलचंही तसंच. टॅबवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो (तीच ती कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) चालत नाहीत, आणि सीए ऑफिसांतल्या कितीतरी जुन्या शीट मॅक्रोवरच उभ्या असतात. शिवाय १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर फाइलमध्ये बदल करायचे तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरावी लागते. टॅबच्या किमतीत हा खर्च कुणी धरत नाही.

सगळ्यात मोठी अडचण डिजिटल सहीची. ही सही ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन चालवायला संगणकावर ड्रायव्हर टाकावा लागतो. रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला, रात्री नऊ वाजता, फर्मचे सर टोकन हातात देतील तेव्हा ‘माझ्या टॅबवर होत नाही’ हे सांगायची वेळ तिच्यावर येऊ नये.

ओझ्यावर उपाय आहे. सव्वा ते दीड किलोचा, १४ इंची विंडोज लॅपटॉप बघा. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी. प्रोसेसर इंटेल किंवा एएमडीचाच घ्या. काही नव्या लॅपटॉपमध्ये असणाऱ्या एआरएम या वेगळ्या धाटणीच्या प्रोसेसरवर जुन्या टोकनचे ड्रायव्हर अडू शकतात.

अभ्यासासाठी मात्र टॅब उत्तम, हे तिचं अगदी बरोबर आहे. सीए इन्स्टिट्यूटचं जाडजूड स्टडी मटेरियल पीडीएफमध्ये मिळतं. त्यावर पेनाने खुणा करत वाचण्यात मजा आहे. स्टॉक ऑडिटला गोदामात उभ्याने नोंदी घ्यायलाही तो सोयीचा. शिवाय सीएच्या नव्या अभ्यासक्रम योजनेत आर्टिकलशिप दोनच वर्षांची आहे, त्यामुळे फायनलचा अभ्यास डोक्यावर असतोच. म्हणून सहा महिन्यांनी, स्टायपेंडमधून, तिने साधा टॅब जरूर घ्यावा.

आणि दुकानात जाण्याआधी तिला सरांना एक फोन करायला सांगा : ऑफिस लॅपटॉप देतं का? काही फर्म देतात. तसं असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि तिला हवा तो टॅब घेऊन द्या.