पाळी चालू आहे, रिपोर्ट नॉर्मल आहे, तरी त्रास खरा आहे

प्रश्न : वय ४२. पाळी कधी २४ दिवसांनी, तर कधी ३५ दिवसांनी येते. रात्री घामाने जाग येते. डॉक्टर म्हणाले, ‘एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक) नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’ काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा बदलांचा काळ, पाळी चालू असतानाच सुरू होतो, आणि बेचाळिसाव्या वर्षी तो सुरू होणं अजिबात अशक्य नाही. या काळात एफएसएच सतत वरखाली होतं, त्यामुळे एकदाच्या नॉर्मल आकड्यावरून तो नाकारता येत नाही. चाळिशीच्या आत अशी लक्षणं दिसली, तर मात्र ही तपासणी आवश्यकच असते.

खरं वजन नोंदींना आहे. तीन महिने पाळीची तारीख, दिवसाला लागलेले पॅड आणि रात्री घामाने किती वेळा जाग आली, एवढं लिहा. लागोपाठच्या पाळ्यांच्या अंतरात वारंवार ७ किंवा जास्त दिवसांचा फरक पडणं ही या बदलाची वैद्यकशास्त्राने मानलेली खूण आहे. तुमचा फरक ११ दिवसांचा आहे. तो डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. ‘हल्ली बरं वाटत नाही’ अशी सुरुवात केली की बोलणं टेन्शनकडेच वळतं.

मग स्पष्ट विचारा, ‘हा पेरिमेनोपॉज नाही, हे कशावरून?’ थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. पाळी लांबली असेल तर गरोदरपणाची चाचणीही करा, कारण या वयातही दिवस जाऊ शकतात. तरीही टाळाटाळ झाली, तर वही घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तासाला पॅड भिजत असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जात असेल, तर तीन महिने थांबू नका.