आजीला गप्प बसवू नका

"मॅडम, घरात मराठी बंद केलंय आम्ही. तरी हा बोलत नाही."

मुलगा बोलत नाही म्हणून त्याला माझ्याकडे दाखवायला भांडुपहून आलेल्या आईचं हे पहिलंच वाक्य. मुलगा वीस महिन्यांचा. 'बाबा' एवढा एकच शब्द. काही हवं असलं की हात धरून ओढत न्यायचं किंवा बोट दाखवायचं. आईबाबा सकाळी लोकल पकडतात ते रात्रीच घरी येतात, दिवसभर बाळ आजीजवळ. घरात मराठी, शेजारी हिंदी, पुढे इंग्रजी शाळा. एवढ्या भाषांनी पोर गोंधळलंय, इंग्रजी तेवढी ठेवा, असं कुणीतरी सांगितलं आणि तीन महिने घरात 'कम', 'सिट', 'ईट' सुरू झालं.

आजी कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. विचारलं, "आजी, तुम्ही काय बोलता बाळाशी?"

"माका इंग्लिश येना नाय. म्हणान मी गप ऱ्हवतंय."

दिवसाचे दहा-बारा तास बाळ जिच्या अंगाखांद्यावर असतं, तीच तीन महिने मुकी झाली होती. फार वाईट वाटलं मला. म्हटलं, "आजी, तुमच्या बोलीत विचारा बघू त्याला काहीतरी."

"बाबू, माजी चप्पल खंय रे?"

पोरगं उठलं, दाराशी गेलं आणि तिथल्या सगळ्या जोड्यांमधून आजींचीच चप्पल घेऊन आलं. आई बघतच राहिली. कळत त्याला होतं, आणि कळत होतं ते मालवणीत.

दोन-तीन भाषा कानावर पडल्याने बोलणं लांबत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. 'पाणी' म्हटलं काय आणि 'वॉटर' म्हटलं काय, बोललाच तो. घरातल्या माणसाने बाळाशी त्याच भाषेत बोलावं जी स्वतःच्या तोंडी सहज येते. लटकं रागावणं, लाड, गोष्ट, पूर्ण वाक्यं, हे सगळं तिच्यातच येतं. 'कम, सिट' मध्ये नुसता हुकूम असतो.

पण एवढ्यावर मी त्यांना घरी पाठवलं नाही. आधी कान तपासून घ्यायला सांगितले. "टाळी वाजवली की वळतो" हे पुरेसं नसतं. जाड आवाज ऐकणाऱ्या बाळालाही 'स', 'फ' असे बारीक आवाज नीट ऐकू येत नसतील, तर बोलणं अडतं. बेरा ही ऐकण्याची चाचणी बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेत ही सोय आहे. याचे कान ठीक निघाले. सगळ्यांचे निघत नाहीत, म्हणून "ह्याचा बाबाही उशिराच बोलला" म्हणत वाट बघत बसू नका. वर्षाचं होऊनही बाळ 'बाबाबा' अशी बडबड करत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांचं होऊन दोन शब्द जोडत नसेल, किंवा कधीही, येत असलेले शब्द गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग आजींना काम दिलं. अंघोळ घालताना, भाजी निवडताना, गॅलरीतून कावळा दाखवताना बोलत राहायचं. 'बोल, बोल, काऊ म्हण' असा तगादा मात्र नको. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं, मनात पाच आकडे मोजायचे. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं मोठ्यांना. बाळाने नुसतं हुंकारलं, हात हलवला, तरी ते उत्तर मानून पुढचं बोलायचं. तो 'गाडी' म्हणाला तर 'हो, लाल गाडी गेली' म्हणायचं. जेवताना मोबाइल बंद. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. दुपारी आपसूक चालू असलेला टीव्हीही बंद करायला लावला, कारण त्या गलक्यात आजींचा आवाज बाळाला वेगळा ऐकूच येत नव्हता.

आईला वाटत होतं, रात्री थकून आल्यावर आपल्याकडून काय होणार? मी म्हटलं, झोपवताना दहा मिनिटं दे, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

चार महिन्यांनी ते पुन्हा आले. तीसेक शब्द जमले होते, निम्मे मालवणी, दोन-चार शेजारच्या हिंदीतले. निघायच्या वेळी आजी दाराशी चप्पल शोधत होत्या. पोरगं त्यांच्या पदराला धरून वाकलं आणि विचारता झालं, "चपल खंय?"