मेटॅलिका या हेवी मेटल बँडच्या ड्रमरचे वडील खरंच टेनिस प्लेयर होते का, की नुसती अफवा?

अफवा नाही हो, अगदी खरंय. लार्स उलरिकचे वडील टॉर्बेन उलरिक, जन्म 1928, डेन्मार्ककडून डेव्हिस कप, म्हणजे देशादेशांमधली टेनिसची सांघिक स्पर्धा, खेळले 1948 पासून पार 1977 पर्यंत. शेवटच्या वेळी उतरले तेव्हा वय 48! शंभरच्या वर मॅचेस. डावखुरे, पाठीवर लांब केस आणि छातीपर्यंत दाढी, फोटो बघितलात तर वाटेल कोणी बुवाच रॅकेट घेऊन उभाय. त्यांचे वडील आयनरसुद्धा डेव्हिस कपवाले आणि भाऊ यॉर्गनही, म्हणजे घराणंच टेनिसचं.

पण माणूस नुसता टेनिसवाला नव्हता. क्लॅरिनेट वाजवायचे, पुढे बासरी आणि सॅक्सोफोनही, आणि पेपरात, डॅनिश रेडिओवर जॅझबद्दल लिहायचे बोलायचे. तेव्हाचं टेनिस हौशी होतं हे विसरू नका, 1968 च्या आधी विम्बल्डन जिंकलं तरी बक्षिसाचे पैसे नाहीत, फार तर येण्याजाण्याचा खर्च. त्यामुळे खेळाडू बाकीचं काहीतरी करणारच, मात्र यांचं जॅझ हा पोटापाण्याचा जोडधंदा नव्हता, मला तर वाटतं टेनिसच त्यांच्यासाठी रियाजाचा एक प्रकार होता. पुढे पुढे तर रंगात बुडवलेला बॉल रॅकेटने राइस पेपरवर मारून पेंटिंगं केली त्यांनी. शॉट मारला की कागदावर ठसा, झालं चित्र.

सॅक्सोफोनवाला डेक्स्टर गॉर्डन तेव्हा कोपनहेगनलाच राहायचा, तो लार्सचा गॉडफादर. आणि मजा म्हणजे लार्सला रॉकचं वेड लागलं तेही टेनिसमुळेच, 1973 ला स्पर्धेसाठी आलेल्या खेळाडूंना डीप पर्पल या रॉक बँडच्या शोचे पास मिळाले, एकजण गळला म्हणून नऊ वर्षांच्या लार्सला नेलं. तरी पुढे 1979 ला पोरगा फ्लोरिडात टेनिस अकॅडमीत गेलाच, पण वर्षभरातच ड्रम्सनी त्याला पळवला.

2004 च्या मेटॅलिकावरच्या डॉक्युमेंटरीत टॉर्बेन दिसतात. बँडने नवीन रेकॉर्डिंग ऐकवलं, सगळे कौतुकाची वाट बघतायत, आणि म्हातारा शांतपणे सांगतो, मी असतो तर हे डिलीट केलं असतं. लार्सचं तोंड बघा त्या वेळी. टॉर्बेन गेले डिसेंबर 2023 ला, 95 वर्षांचे होऊन.