रुंद पडदा आणि धुरकट अक्षरे

प्रश्न : मी द्राक्ष बागायतदारांचे हिशेब पाहतो. निफाड आणि दिंडोरीकडच्या बागांच्या खर्चाचे तक्ते आडवे फार लांबतात, म्हणून ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर घेतला. खोक्यावर ३४४० × १४४० असे छापलेले आहे. माझ्या जुन्या १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपला तो एचडीएमआय केबलने जोडला आहे. चित्र ताणलेले दिसत नाही, पण सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे वाटते. बँकेला लिहिलेल्या मराठी पत्रातले अनुस्वार तर शोधावे लागतात. दुकानदार म्हणतात, अल्ट्रावाइडवर असेच दिसते. मॉनिटर परत करावा का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : परत करण्याची घाई करू नये. दुकानदारांचे म्हणणे मला पटत नाही. एलसीडी पडद्यावरचे ठिपके (तुमच्या मॉनिटरवर आडवे ३४४० आणि उभे १४४०) कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात आणि लॅपटॉपकडून नेमके तेवढेच ठिपके आले, तरच प्रत्येक ठिपका आपल्या जागी बसतो. कमी आले, तर मॉनिटर शेजारच्या रंगांचे मिश्रण करून उरलेल्या जागा भरतो, आणि अक्षराची कड तिथेच पुसट होते.

चित्र ताणलेले नाही, या तुमच्या एका वाक्यात दुखण्याचे मूळ बहुधा दडलेले आहे. लॅपटॉपने स्वतःचे फुल एचडी, म्हणजे १९२० × १०८० चे चित्र पाठवले असते आणि मॉनिटरने ते पडदाभर पसरले असते, तर रुंदी सुमारे १.८ पट आणि उंची १.३३ पट वाढून अक्षरे फताडी दिसली असती. २५६० × १०८० चे चित्र मात्र (बहुधा तेच तुमच्याकडे जात असावे) दोन्ही दिशांना जवळजवळ सारखेच वाढते, त्यामुळे आकार बिघडत नाही, फक्त धार जाते, आणि चूक सहजी लक्षात येत नाही.

खात्री करून घेण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि त्यातील ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून वरच्या यादीतून नवा मॉनिटर निवडावा. प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचे आकडे तिथे दिसतात. ते ३४४० × १४४० नसतील, तर प्रथम विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडावे, कारण ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्ही पडद्यांवर एकच चित्र जाते, मग रिझोल्यूशनच्या (ठिपक्यांच्या संख्येच्या) यादीत पूर्ण आकडा आहे का, ते पाहावे. यादीत तो नसेलच, तर अडचण जोडणीत आहे. एचडीएमआय १.४ या जुन्या आवृत्तीला ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रे या वेगाने, एवढे ठिपके वाहून नेणे अगदी काठावरचे काम असते, आणि जुने लॅपटॉप पुष्कळदा त्याआधीच थांबतात, एचडीएमआय २.० हे ओझे सहज पेलते. मात्र लॅपटॉपचे पोर्टच जुने असेल, तर एम. जी. रोडवरून कितीही महाग केबल आणली तरी उपयोग होणार नाही. लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल आणि त्यातून चित्र बाहेर पडत असेल (प्रत्येक टाइप-सीमधून ते पडत नाही, म्हणून माहितीपुस्तिका पाहून घ्यावी), तर टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल हा सर्वांत सरळ उपाय आहे. तेही नसेल आणि यादीत कमी रिफ्रेश रेटला (सेकंदाला कमी चित्रे) पूर्ण आकडा मिळत असेल, तर तो घ्यावा. ३० हर्ट्झला माउसचा बाण अडखळतो, पण हिशेबाच्या कामात मी धुरकट अक्षरांपेक्षा अडखळता बाण पत्करीन.

आकडे जुळल्यावरही रंगीत अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी (प्रत्येक ठिपक्याचा पूर्ण रंग पाठवणारा) आहे ना, हे तपासावे; ४:२:० किंवा ४:२:२ या प्रकारांमध्ये रंगाची माहिती कमी करून पाठवली जाते आणि त्याचा फटका बारीक अक्षरांना बसतो. मॉनिटरच्या मेनूतील शार्पनेस वाढवून धार येत नाही, उलट अक्षरांभोवती पांढरी कड उमटते, म्हणून तो मूळ आकड्यावर आणावा. त्यानंतर स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (अक्षरे सुस्पष्ट करण्याची विंडोजची सोय) असे शोधून, त्या मॉनिटरवर दाखवलेल्या नमुन्यांतून डोळ्यांना बरा वाटेल तो निवडावा.

एवढे करूनही लॅपटॉपइतकी नितळ अक्षरे मिळणार नाहीत, हे सांगून ठेवतो. तुमच्या लॅपटॉपवर इंचाला सुमारे १४१ ठिपके आहेत आणि या मॉनिटरवर सुमारे ११०. देवनागरीला ही तूट अधिक जाणवते, कारण रोमन अक्षर ज्या उंचीत सुखाने मावते, तेवढ्यातच ‘राष्ट्रीयीकृत’मधला ‘ष्ट्री’ वेलांटीसकट बसवावा लागतो आणि अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ठिपके येतात. अक्षरे लहान वाटली, तर रिझोल्यूशन कमी न करता स्केल १२५ टक्के करावे. त्यात विंडोज अक्षरे नव्याने मोठी रेखते. तक्त्याचे काही रकाने पडद्याबाहेर जातील, ही त्याची किंमत आहे.

हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर तेवढे धुरकट राहिले, तर त्याच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी आणि हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये स्केलिंग ‘ॲप्लिकेशन’कडे सोपवावे.

प्रश्न : ३४ इंची, पण २५६० × १०८० चा मॉनिटर स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : वाचन-लेखनासाठी घेऊ नये. त्यावर इंचाला जेमतेम ८२ ठिपके पडतात आणि कोणत्याही सेटिंगने ते वाढत नाहीत. तेवढेच ठिपके २९ इंची पडद्यावर असतील, तर इंचाला सुमारे ९६ मिळतात. पैसे बेताचे असतील, तर तो पाहावा.