मराठवाड्यातल्या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री राहणं आई-वडिलांना आणि मुलीला झेपेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: वेरूळ-अजिंठा करायचंय, सोबत गुडघेदुखी असलेले वडील, आई आणि सात वर्षांची मुलगी, शहरातल्या हॉटेलऐवजी खुलताबाद-कन्नडच्या बाजूला एखाद्या कुटुंबाकडे राहावं का? माझं उत्तर हो, नक्की राहा. मी मराठवाड्यातलाच आहे आणि फिरताना शक्यतो अशाच घरी उतरतो.

घर मात्र खोलीचे फोटो बघून ठरवू नका. आधी फोन करा आणि स्वयंपाक करणाऱ्या ताई-मावशींशी बोला. "सध्या घरात काय असतं जेवायला?" एवढंच विचारा. "वांगी हायेत, मेथी हाय, सकाळी धपाटे टाकते, दही घरचंच हाय" असं ऐकू आलं की बिनधास्त जा. पनीरच्या भाज्यांची यादी वाचून दाखवली, तर जेवण बहुतेक ढाब्यावरून येणार. मग खेड्यात राहून काय मिळवलं?

त्याच फोनवर वडिलांसाठी दोन गोष्टी विचारून घ्या. संडास घराला लागून आहे की परसात लांब, आणि कमोड आहे का. झोपायला पलंग आहे की खाली गाद्या, हेही विचारा. अशा प्रश्नांचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट ते आधीच सोय करून ठेवतात. पैशांचंही तेव्हाच बोला: माणशी किती, त्यात चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण धरलंय का. पुष्कळ घरांत आकडा सांगायला संकोचतात, "द्या की काय द्यायचं ते" म्हणतात. तिथं तुम्हीच रक्कम विचारून पक्की करा आणि घासाघीस करू नका. थोडी रोख जवळ ठेवा, कारण रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत.

जेवणाबद्दल जरा सविस्तर लिहितो. संध्याकाळी मुलीला चुलीपाशी बसू द्या. मावशी गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळतात, काठवटीत भाकरी थापतात, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवतात. मग उलटतात आणि शेवटी निखाऱ्यांसमोर उभी करतात, तशी ती टम्म फुगते. सोबत येसर आमटी मागा. भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं येसर पाण्यात उकळायचं, वरून लसणाची खमंग फोडणी. हॉटेलात ही सहसा मिळत नाही. तिखट आमच्याकडे जास्तच असतं, म्हणून मुलीसाठी आधी सांगून ठेवा. तिला दूध-भाकरी किंवा दही-धपाटं आवडेल.

डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी जमवता आलं तर फारच उत्तम, कारण तेव्हा हुरडा असतो. शेतातच गोवऱ्यांच्या आगटीत कोवळी कणसं भाजतात, हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात टाकतात आणि सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. आई-वडिलांना थंडी बाधू नये म्हणून स्वेटर, कानटोपी घ्या. पहाटे चांगलंच गार असतं. एप्रिल-मे टाळा. पारा चाळिशीपार जातो आणि कित्येक गावांत पाण्याचे टँकर सुरू असतात. अशा दिवसांत पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणीही घरातल्या बाईलाच पुरवावं लागतं, हे मला बघवत नाही. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, म्हैसमाळचं पठार आणि गौताळ्याचं अभयारण्य सुंदर दिसतं, पण काळ्या मातीच्या वाटेवर गाडी घालू नका. ती माती चाकाला अशी धरते की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. डांबरी रस्त्यालगतचं घर निवडा.

रात्री बॅटरी जवळ असू द्या आणि सकाळी चपला झटकून घाला, विंचवांचा भाग आहे. मुलीला हे पहिल्याच दिवशी शिकवा. लाइट जाते, म्हणून फोन आधीच चार्ज करून ठेवा.

तारखा ठरवताना एक बघा: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठ्याची सोमवारी. वेरूळला एकूण ३४ लेणी आहेत. वडिलांना सगळी चालवू नका. सकाळी लवकर १६ क्रमांकाचं कैलास दाखवा, घृष्णेश्वराचं दर्शन जवळच आहे, ते करून दुपारच्या जेवणाला घरी परता. अजिंठा तिथून बराच लांब पडतो आणि पायऱ्याही आहेत, म्हणून त्यासाठी पूर्ण दिवस वेगळा ठेवा आणि त्या दिवशी मावशींना दुपारचा स्वयंपाक करू नका असं आदल्या रात्रीच सांगा.