घरचा जुना कॉम्प्युटर खूप स्लो झालाय, फॉरमॅट मारू की नवीनच घेऊ?

तुम्ही लिहिलंय की पीसी २०१४ चा आहे, प्रोसेसर आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. बटण दाबल्यापासून क्रोम उघडेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात, मुलीचा ॲडमिशनचा फॉर्म भरताना पान लटकतं, दुकानदार म्हणतो भंगारात द्या आणि भाऊ म्हणतो फॉरमॅट मार. मी मिरजेत बरीच वर्षं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं काम करतोय आणि तुमच्यासारखीच मशीन रोज टेबलावर असतात, म्हणून सरळ सांगतो, आत्ता दोघांचंही ऐकू नका. चौथ्या जनरेशनचा आय-थ्री घरच्या कामाला आजही पुरतो. अडतंय ते बहुतेक हार्ड डिस्कवर, आणि ती बदलता येते.

पण माझ्या शब्दावर खर्च करू नका, आधी स्वतः बघा. कॉम्प्युटर चालू केला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा आणि पाच मिनिटं नुसते बघत बसा. सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) दहा-पंधरा टक्क्यांवर आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांना चिकटलेली दिसली तर रोग सापडला. डिस्कवर क्लिक करून खाली ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघा, तिथे शेकड्यात किंवा हजारात मिलिसेकंद दिसले तर प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय आणि डिस्ककडून काही येण्याची वाट बघतोय. उलट सीपीयूच सतत ९०-१०० टक्के असेल तर प्रकरण वेगळं, मग व्हायरस, नाहीतर एखादा अडकलेला प्रोग्रॅम, नाहीतर गरम होणं, गरम होण्याचं पुढे सांगतो.

डिस्क का अडते ते समजून घ्या म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल. साध्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ८ मिलिसेकंद आणि हवी ती जागा समोर यायला सरासरी त्याच्या निम्मा वेळ, त्यात वाचणारं हेड योग्य जागी सरकायला आणखी साधारण ८ मिलिसेकंद, असं धरून एका सेकंदात ती फार तर ७५ ते १०० वेगवेगळ्या जागा वाचू शकते. एक मोठा पिक्चर कॉपी करायचा असेल तर ती सेकंदाला १०० एमबीच्या वर देते, तिथे काही अडचण नाही, पण विंडोज चालू होताना हजारो बारीक बारीक फाइल्स इकडून तिकडून गोळा कराव्या लागतात. तलाठ्याने प्रत्येक सातबाऱ्यासाठी उठून वेगळं कपाट उघडावं तशातली गत. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी चिपवाली डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, साधी साटा एसएसडीसुद्धा (साटा म्हणजे डिस्क जोडायची नेहमीची केबल) सेकंदाला हजारो जागा वाचते. म्हणून सात मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं, आणि कुठल्याही सेटिंगने एवढा फरक पडत नाही.

आता ४ जीबी रॅमचं. विंडोज १० उघडून नुसतं बसलं तरी दोनेक जीबी खातं, त्यात ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर थोडी रॅम तिकडे जाते, मग क्रोमचे पाच-सहा टॅब उघडले की संपलं. रॅम संपली की विंडोज जास्तीचा माल हार्ड डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकतं आणि परत तिथून आणतं, म्हणजे कमी पडते रॅम आणि बोजा पडतो परत त्याच डिस्कवर. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर दिसत असेल तर ८ जीबी करून घ्या. तुमच्या प्रोसेसरच्या पिढीचे मदरबोर्ड डीडीआर-थ्री या जुन्या प्रकारच्या रॅमचे, घरगुती बोर्डावर बहुधा दोनच स्लॉट असतात, एकात ४ जीबीची कांडी असेल तर दुसऱ्यात तसलीच १६०० स्पीडची ४ जीबी टाकली की झालं, आणि दोन कांड्या जोडीने चालल्या तर ग्राफिक्सलाही थोडा फायदा होतो. फक्त त्याआधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाउटमध्ये जाऊन विंडोज ६४ बिट आहे ना ते बघा. बऱ्याच घरांत कोणीतरी ३२ बिट टाकून दिलेलं असतं, त्याला ४ जीबीच्या वरची रॅम वापरताच येत नाही. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी एसएसडी, रॅम नंतर.

एसएसडी घेताना २.५ इंची साटा वाली घ्या, ती चपटी च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई घेऊ नका, तुमच्या बोर्डावर तिला जागा नसते आणि ॲडाप्टरने लावली तरी त्या काळातले बरेचसे बोर्ड तिच्यावरून बूट होत नाहीत. २४० किंवा २५६ जीबी भरपूर झाली. नाव ऐकलेल्या कंपनीची, बिलासकट, तीन वर्षं वॉरंटीची बघा, ऑनलाइन निम्म्या भावात २ टीबी म्हणून जे मिळतं ते बनावट असतं, त्यावर टाकलेले फोटो परत मिळत नाहीत. २०२५ च्या शेवटापासून रॅम आणि एसएसडी दोन्हीचे भाव वर गेलेत त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला चक्कर मारा, तिथे रॅम सेकंडहँड पण मिळते आणि डीडीआर-थ्रीसाठी मी स्वतः सेकंडहँडच सुचवेन. एसएसडी मात्र नवीच.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो, हे वाचल्याशिवाय काहीच करू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडलं की डिस्कची तब्येत दाखवतं, निळं असेल तर ठीक, पिवळं असेल, रिॲलोकेटेड सेक्टर किंवा करंट पेंडिंग सेक्टर (खराब झालेल्या किंवा नीट न वाचता येणाऱ्या जागा) यांच्यासमोर शून्य सोडून काही आकडा असेल, तर डिस्क मरायला लागली आहे. अशा वेळी डिफ्रॅग (फाइल्स सलग लावणं) नको, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) नको, फॉरमॅट तर नकोच, आधी फोटो, दाखले, मार्कशीटचे स्कॅन, हिशोब सगळं बाहेर कॉपी करा. माझ्याकडे एका रिटायर्ड सरांचा पीसी आला होता, त्यांनी कोणाच्या सांगण्यावरून रॅम वाढवून घेतली, क्लीनर चालवले, काही फरक नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि वाचण्याचा वेग सेकंदाला एक एमबीसुद्धा नाही, कान लावला तर आतून मधूनमधून टक... टक... असा आवाज. एकेक खराब सेक्टर ती परत परत वाचायला बघत होती आणि तेवढा वेळ सगळं मशीन गप्प. तुमचं पान लटकतं म्हणालात तेही यातलंच असू शकतं, नुसत्या म्हाताऱ्या डिस्कचं नाही. आणि आपल्याकडे लाइट जशी जाते-येते त्यात यूपीएस नसेल तर चालती डिस्क मध्येच बंद पडून पडून लवकर जाते, एवढंही लक्षात ठेवा.

एसएसडी लावायची तर जुनं विंडोज क्लोन, म्हणजे जसंच्या तसं कॉपी, करता येतं, क्लोनझिलाने फुकटात होतं, पण दहा वर्षांचा कचरा तसाच पलीकडे जातो म्हणून मी तरी ताजं विंडोज टाकून देतो (विंडोज ठेवावं की दुसरं काही, ते पुढे सांगतो). ८ जीबीचा पेन ड्राइव्ह, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (पेन ड्राइव्हवर विंडोज टाकून देणारं), बस. तुमचं विंडोज ओरिजिनल ॲक्टिव्हेट असेल तर डिजिटल लायसन्स मदरबोर्डला जोडलेलं असतं, तीच एडिशन (होम असेल तर होम, प्रो असेल तर प्रो) परत टाकली की इंटरनेट मिळाल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, लायसन्स की परत विकत घ्यायची गरज नाही. टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा, फक्त एसएसडी जोडलेली असू दे, नाहीतर पुष्कळदा बूटची फाइल जुन्या डिस्कवर बसते आणि पुढे ती डिस्क काढली की कॉम्प्युटर चालूच होत नाही, मग लोक एसएसडी खराब म्हणून घेऊन येतात. बोर्डावर साटाचे पोर्ट ६ गिगाबिट आणि ३ गिगाबिट वेगाचे असे दोन प्रकारचे असतील तर एसएसडी ६ वाल्यात लावा, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) साटा मोड एएचसीआय पाहिजे, आयडीई नको, आणि तो विंडोज टाकण्याआधीच बदला.

कॅबिनेट उघडलंच आहे तर धूळ काढा. प्रोसेसरवरचा फॅन आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची अक्षरशः घोंगडी तयार होते, वरून फॅन फिरताना दिसतो पण हवा खाली जातच नाही. प्रोसेसर १०० डिग्रीकडे गेला की स्वतःच स्वतःचा वेग कमी करतो, त्यामुळे सुरुवातीला बरा आणि अर्ध्या तासाने रडतो असा प्रकार असेल तर कारण हेच धरा. वायर काढून, ब्लोअरने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा, ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू दिला तर बेअरिंगची वाट लागते. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि पात्यांमधला उष्णता नेणारा लेप) बदलायला फॅन काढलात तर परत बसवताना चारही पाय आत जाऊन टक असा आवाज आला पाहिजे, एक पाय जरी वर राहिला तरी आधीपेक्षा जास्त गरम होईल. हे जमणार नसेल तर नुसती धूळ काढा.

फुकटातली कामं पण आहेत. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये टोरंट, मीटिंगची ॲप्स, गेम लाँचर, प्रिंटरचे हेल्पर वगैरे डिसेबल करा, अँटीव्हायरसला हात लावू नका. पण अँटीव्हायरस दोन-दोन असतील तर एक काढा, घरच्या वापराला विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालतो. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरू देऊ नका, डाउनलोड फोल्डर आणि व्हॉट्सॲपचे व्हिडिओ हेच बहुतेक घरांत मूळ असतं. क्रोममधली न लागणारी एक्स्टेन्शन काढा. आणि रोज शट डाउन करणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा, कारण विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं, विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत येतो, रीस्टार्टला मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

व्हिडिओत बघून लोक जे करतात त्यातलं निम्मं निरुपयोगी आहे. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन नंबर ऑफ प्रोसेसर्स वाढवणं, त्याने काहीच होत नाही, विंडोज आधीपासूनच सगळे कोर वापरत असतं. प्रीफेच फोल्डर (प्रोग्रॅम लवकर उघडावेत म्हणून विंडोजने ठेवलेल्या नोंदी) रिकामं केलं तर उलट पुढच्या वेळी प्रोग्रॅम हळू उघडतात. रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यांच्यापासून लांब रहा, यातली बरीच स्वतःच स्टार्टअपला जाऊन बसतात. एसएसडीला डिफ्रॅग करायचं नसतं, विंडोज तिची देखभाल आपोआप करतं. आणि भाऊ म्हणतात तो फॉरमॅट, त्याने दोन-चार महिने बरं वाटेल पण तबकडी तीच, फिरायची तशीच फिरणार.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूने आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचा त्यात बसत नाही. जास्तीचे सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली होती तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. जुगाड करून विंडोज ११ बसवून देणारे आहेत, पण ज्या मशीनवर बँकेचं काम होतं त्यावर मी ते करून देत नाही. त्यापेक्षा त्याच एसएसडीवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती, फुकट आहे, ८ जीबीत छान पळते, क्रोम, यूट्यूब, फॉर्म भरणं, पीडीएफ, मराठी टायपिंग सगळं होतं. टॅली किंवा श्रीलिपीवर रोजचं काम असेल तर मात्र मिंटच्या नादी लागू नका, ती विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. मग कंपन्यांतून निघालेले आठव्या जनरेशनचे आय-फाइव्ह डेस्कटॉप रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून परत विकायला काढलेले, मिळतात ते बघा, कोरा करकरीत घ्यायची गरज नाही, आणि एसएसडी आत्ता घेतलीत तर ती काढून त्यातही लावता येईल, म्हणजे तो खर्च वाया जाणार नाही. कोणाकडे कोअर टू ड्युओसारखा याहून जुना प्रोसेसर आणि डीडीआर-टू रॅम असेल आणि ते हे वाचत असतील तर त्यांनी खर्च करू नये, तिथे दुकानदार बरोबर आहे.

काम दुकानात करून घेणार असाल तर जुनी डिस्क मागून घ्या, तिथे सोडू नका, त्यावर आधार-पॅनचे स्कॅन आणि सेव्ह केलेले पासवर्ड असतात. नव्या एसएसडीवर मशीन महिनाभर नीट चालेपर्यंत तिला तशीच कपाटात ठेवा, नंतर तब्येत निळी असेल तर आत लावून फोटोंसाठी वापरा, पिवळी असेल तर फोटो दुसरीकडे आले याची खात्री करून मगच फोडा.